कन्फेशनच्या खोलीतली काउन्सेलर

श्रावस्ती त्या दिवशीही माझ्या दारापर्यंत आली, आत डोकावली आणि परत गेली. मी खुर्चीतून अर्धी उठले होते, ती तशीच खाली बसले.

मी पुण्यात कॅम्पातल्या एका कॅथलिक शाळेत काउन्सेलर आहे. म्हणजे मुलांना बोलू द्यायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. घरी कोथरूडला मला सगळे भोचक म्हणतात. शाळेत त्याचाच पगार मिळतो.

श्रावस्ती नववीतली. वडील चाकणच्या कंपनीत, याच वर्षी वर्ध्याहून बदलून आलेले. बुद्ध जिथे राहिले त्या गावाचं नाव आजोबांनी तिला ठेवलेलं. जूनमध्ये मुलगी चांगली बोलायची म्हणे. मग एकदम बंद. हजेरीला नुसता हात वर, तोंडी परीक्षेतही गप्प. तिच्या क्लास टीचर अनघा मिस. त्यांनी तिला 'रेफर' केलं, म्हणजे साध्या भाषेत माझ्याकडे पाठवलं. वडीलही आमच्या प्रिन्सिपल सिस्टरांना भेटून गेले. पोरगी घरी जेवत नाही, रडते, ख्रिसमसच्या सुट्टीत तिला वर्ध्याला काकांकडे ठेवतो आणि तिथल्याच शाळेत घालतो म्हणाले. श्रावस्तीला आईवडिलांना सोडून जायचं नव्हतं. पण बोलत नाही म्हटल्यावर तिला विचारणार कोण?

मला कोडं वेगळंच पडलं होतं. पोरगी दारापर्यंत येते म्हणजे सांगायचं काहीतरी आहे. मग आत का येत नाही? आत असं आहे तरी काय? दोन खुर्च्या, एक खडखडणारा पंखा आणि कोपऱ्यात गुडघे टेकायचं लाकडी बाक. पूर्वी इथे फादर कन्फेशन ऐकायला बसत. मुलांनी आपली पापं सांगायची, फादरांनी प्रायश्चित्त म्हणून दोन प्रार्थना म्हणायला सांगायच्या. फादर पुढे चॅपलमध्ये बसायला लागले. बाक राहिलं, त्याच्यावर मी पर्स ठेवते.

माझी ट्यूब हळूहळू पेटली. कॅथलिक मुलं माझ्याकडे बिनधास्त यायची. भावाला मारलं, कॉपी केली, सगळं भडाभडा सांगायची आणि शेवटी विचारायची, "मिस, आता किती वेळा प्रेअर म्हणू?" मी हे घरी कौतुकाने सांगत असे. बाकीची मुलं मात्र सहसा फिरकत नसत. का, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आणि म्हणे भोचक!

मधल्या सुट्टीत दहावीतल्या रायनला पकडलं आणि विचारलं. त्याला माझीच कीव आली. त्या खोलीत काहीतरी केलेली मुलं जातात, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे म्हणाला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

मग मीच खोलीबाहेर पडले. श्रावस्ती बास्केटबॉल कोर्टामागच्या पायऱ्यांवर एकटी डबा खायची. मी शेजारी बसून माझा डबा उघडला. तिच्याबद्दल काही विचारलं नाही. माझ्या खोलीत यावंसं का वाटत नाही, एवढंच विचारलं. बराच वेळ ती पोळीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली,

"मी काय केलं मॅडम? ज्यायनं केलं, त्यायले बोलवा न आत."

माझा घास हातातच राहिला.

मग सगळं बाहेर आलं. गॅदरिंगसाठी एका हाउसिंग सोसायटीवरचं नाटक बसत होतं. अनघा मिसनी हिला कामवालीचा रोल दिला आणि भर वर्गात म्हणाल्या, तुझं बोलणं त्याला अगदी नॅचरल आहे. वर्ग हसला. तेव्हापासून हिने तोंड उघडलं की कुणीतरी विचारायचं, "मावशी, भांडी झाली का?" कामवाली व्हायला मला काही नाही, ती म्हणाली, पण आमच्या घरी सगळेच असं बोलतात, आई तर बीएड आहे. हे सांगताना मात्र ती रडली. मलाही राग आवरेना.

पण ऐकलेलं पोटात ठेवायचं, हा आमचा नियम. म्हणून विचारलं, अनघा मिसशी बोलू का? तिने एक अट घातली. त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, तर आताही त्यांनी सगळ्यांसमोरच बोलायचं.

अनघाला मी खोलीत बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती दुखावली. "अहो, नवीन मुलगी, स्टेजवर यावी म्हणून मी मुद्दाम रोल दिला." ते खरंच होतं, अनघा दुष्ट नाही.

"मग चेअरमनचा का नाही दिलास?" मी विचारलं.

"चेअरमन कुठे असं बोलतो?" ती फटकन म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला अनघा वर्गासमोर उभी राहिली. मी दाराशी होतेच, राहवतंय कुठे! तिने श्रावस्तीला आडपडदा न ठेवता सांगितलं, मी तुझ्या बोलण्यावरून तुला रोल दिला, ते चुकलं, सॉरी. आता तुला कुठला हवा?

श्रावस्तीने चेअरमन मागितला. ज्याच्याकडे होता तो सोडेना. मग अनघाने तिच्यासाठी चेअरमनशी भांडणारी सेक्रेटरी नव्याने लिहिली. गॅदरिंगला सेक्रेटरीने पाण्याच्या टँकरवरून आपल्या वऱ्हाडी बोलीत चेअरमनची अशी खरडपट्टी काढली की हॉल हसून लोळला. या वेळी लोक हसले ते तिच्या वाक्यांना.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी सिस्टरांना कळवलं, पोरगी इथेच राहते म्हणते. वर्गातला एक महाभाग अजून 'मावशी' म्हणतो. आता त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं.

श्रावस्ती आजतागायत माझ्या खोलीत आलेली नाही. यावं असा माझाही आग्रह नाही. मूल गप्प झालं की आपण त्याला बोलतं करायला धावतो. आधी हसणाऱ्यांना गप्प करावं. मग मूल आपलं आपण बोलतं, आणि काउन्सेलरलाही निवांत डबा खाता येतो.