तिसऱ्या दिवसाची पारख

नालबंदमामा सायकलची शर्यत कधी पाहत नसत. सायकली सुटल्या की सारे धार शहर टाचा उंचावून रस्त्याकडे लोटे, आणि मामा धुळीकडे पाठ करून पागेत परत जात. शर्यतीआधी गड्यांची चाचणी होई, त्या संध्याकाळी मात्र ते न बोलावता हजर. दमून आलेले गडी जेवायला बसले की समोर उकिडवे बसून ते एकेकाच्या घासाकडे पाहत राहत. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठत आणि एकच नाव घेत. शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी देवासच्या वेशीत तोच गडी पहिला शिरे. हे मी एकदा नव्हे, तीन साले पाहिले.

मामा दरबारच्या पागेत घोड्यांना नाल मारीत. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले ते ऐरण आणि सांडशी घेऊनच. सायकल धारेत आली तेव्हा ती पागेतच ठेवली गेली, कारण दरबारला ती दुसरीकडे कोठे ठेवावी हे सुचले नाही. पुढे हौशी मंडळींनी शर्यत काढली. पहिल्या दिवशी धारेहून मांडू आणि परत, दुसऱ्या दिवशी इंदूर, तिसऱ्या दिवशी देवास. देवासची दोन्ही संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती, आपापला गडी उतरवीत. धारेची शर्यतीजोगी सायकल एकच, म्हणून गडीही एकच. तो कोण, हे मामांच्या शब्दावर ठरे.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि पुण्याहून येणारी स्वदेशीची पत्रके पाठ करीत होतो. एकदा मी मामांना भर पागेत ऐकवले, "मामा, या विलायती लोखंडाचे तुम्ही एवढे कौतुक करता, लाज वाटत नाही?"

मामांनी घोड्याचा खूर मांडीवरून खाली ठेवला नाही. "लोखंड विलायती असेल, पंडित. पण वर बसणाऱ्याचा दम तर माळव्याचा आहे ना? मी दम बघतो." तेव्हापासून त्यांनी मला पंडितच म्हटले, आणि त्यात कौतुक फारसे नव्हते.

त्यांची पारख त्यांनीच मला सांगितली होती. "पहिल्या दिवशी तर कोणीपण पळतो. जो थकून आला आणि तरी पोटभर जेवला, तोच दुसऱ्या दिवशी उठतो. ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, त्याचा तिसरा दिवस आजच संपला. घोडा असो की माणूस." मी हसलो होतो. पत्रकांत असे काही लिहिलेले नव्हते.

चौथ्या साली निवड दोघांवर आली. एक माझा चुलतभाऊ विष्णूदादा. त्याच्यासारखी वाऱ्याची दौड माळव्यात कोणाची नव्हती. दुसरा डाकेची थैली पोचवणाऱ्या हरकाऱ्याचा मुलगा गंगाराम. चाचणीसाठी दोघांना साध्या सायकलींवर मांडूपर्यंत जाऊन परत यायचे होते. दादा बराच आधी आला. मामांनी गंगारामला पागेच्या अंगणात जेवताना पाहिले. कणकेचे सहा जाडजूड बाफले खाऊन तो आणखी मागत वाढणाऱ्याला म्हणाला, "भिया, ओर दाल है कंई?"

दादाचे जेवण मात्र आमच्या घरी, सोवळ्यात. तिथे नालबंदाने समोर बसून पाहणे अशक्य. मामा बाहेर ओट्यावर थांबले. मला म्हणाले, "पंडित, आज तुझे डोळे माझे. बघ आणि सांग."

मी पाहिले. दादाने भात कालवला, दोन घास घेतले, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पान तसेच टाकले. हात धुताना हळूच म्हणाला, "बाहेर काही बोलू नकोस रे." काका माझ्याकडे पाहत होते. आमच्या घरातला मुलगा दरबारच्या सायकलवर बसणार म्हणून आळीभर आनंद चालला होता. मी ओट्यावर आलो आणि म्हणालो, "पाच पोळ्या, मामा. वर भात."

दोघेही पोटभर जेवले म्हटल्यावर निवड वेगावर आली. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दरबारच्या कारभाऱ्यांकडे विष्णूचे नाव सांगायला गेले.

पहिल्या दिवशी दादा सर्वांच्या पुढे होता. दुसऱ्या दिवशी इंदूरला धर्मशाळेच्या पडवीत जेवणे झाली. प्रवासात सोवळे कुठले? तिथे दादाची पत्रावळ भरलेलीच्या भरलेली गाईपुढे गेली, आणि मंडळींबरोबर टांग्याने आलेल्या मामांनी ते पाहिले. तिसऱ्या दिवशी क्षिप्रेच्या काठी दादा सायकलवरून उतरला आणि वाळूत बसला तो उठलाच नाही.

देवासला दोन्ही पात्यांच्या मंडळींसमोर कारभाऱ्यांनी विचारले, "काय नालबंद, हा तुमचा अंदाज?"

"चुकला, सरकार," मामा म्हणाले. "नजर राहिली नाही आता."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. सत्यावर निबंध लिहिणारा मी गप्प राहिलो.

त्यानंतर धारेने त्यांना सोडले नाही. बाजारात पोरे ओरडत, "मामा, आज आमचा बैल जेवला, धावेल का?" घोडे विकत घेणारे लोक पूर्वी त्यांना बरोबर नेत, ते येईनासे झाले. मामा मान खाली घालून नाल ठोकीत राहिले. महिनाभराने मला ते सोसेना. मी पागेत जाऊन म्हणालो, "मामा, दादा त्या दिवशी जेवला नव्हता."

"इंदूरला कळलं मला."

"मग देवासला माझे नाव का नाही घेतले?"

"खोटं तुझं होतं, पंडित. चूक माझी. मी पाहिलं नव्हतं आणि पाहिल्यासारखं बोललो." एवढे बोलून त्यांनी पुढचा खूर उचलला.

पुढच्या निवडीआधी मामांनी कारभाऱ्यांना अट घातली. "सगळे गडी माझ्यासमोर, एका अंगणात जेवतील, नाहीतर मी बोलणार नाही." आळीत वणवा पेटला. "नालबंदासमोर पान मांडायचे?" म्हणून काका गरजले. मी त्याच रात्री एक पत्रक लिहिले, माझ्या नावाने छापले आणि चौकाचौकांत वाटले. पाच पोळ्यांची सारी हकीकत त्यात होती. काकांनी मला घराबाहेर काढले. मामांनी पत्रक वाचून घेतले आणि म्हणाले, "लांबलंय. एका ओळीचं काम होतं."

त्या संध्याकाळी पागेच्या अंगणात आमच्या आळीचे कोणी येणार नाही असे सर्वांनी धरले होते. विष्णूदादा आला. दिवसभर सायकल मारून, काकांचा शब्द मोडून, तो गंगारामच्या शेजारी बसला. तीन घास खाल्ले, चौथा हातातच राहिला. मग तो मामांकडे पाहून हसला. "घास नाही जात, मामा."

"दौड तुझी राजाची आहे, बेटा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तेवढा मऊ कधी ऐकला नव्हता. "पण एका दिवसाची."

त्यांनी गंगारामचे नाव घेतले. देवासच्या वेशीत गंगाराम शिरला तेव्हा मागे धूळसुद्धा दिसत नव्हती. मामा अर्थात वेशीकडे पाठ करून बसले होते.

गेल्या माघात मामा गेले. आता शर्यत जवळ आली की लोक माझ्या छापखान्यात येतात. "तुम्ही मामांच्या जवळचे. सांगा, यंदा कोण?" माझ्याजवळ मते पुष्कळ असतात, मते असणे हा तर माझा धंदाच. तरी मी हातातले छपाईचे खिळे खाली ठेवतो आणि म्हणतो, "संध्याकाळी त्यांना जेवताना बघू. पाहिल्याशिवाय मी बोलत नाही."