सखाबाईंची खरवड

आमच्या शाळेची खिचडी चौदा वर्षं सखाबाईंनी शिजवली. मी या शाळेत बदलून आले तेव्हा त्यांना सहा वर्षं झाली होती, म्हणजे आठ वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. रोज खाल्लं. लेकरांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चव घेऊन वहीत सही करायची असा नियम आहे, आणि ते काम माझ्याकडे होतं.

गाव पुनर्वसनातलं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तसं जुनं गाव उठून इथे आलं. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, देवळातला मारुती तेवढा जुना. सखाबाईंचा नवरा मनिराम मासोळ्या धरायचा. आता नदी दूर पडली तरी पहाटे सायकलवर जाळं टाकून जायचा आणि काही ना काही घेऊन यायचा. मुलगी डिंपल कोंढ्याला दिलेली, तिचंच तिला पुरत नव्हतं. घरात ही दोघंच.

सखाबाईंना महिन्याचे अडीच हजार मिळायचे, पण महिन्याला नाही. कधी तीन महिन्यांनी, कधी चार. त्या त्याला पगारच म्हणायच्या. "पगार पोळ्याले आलता, आता दिवाळीले येते का त पाहू," असा त्यांचा हिशोब तारखांनी नाही, सणांनी चालायचा. रेशनचे दहा किलो तांदूळ दोन माणसांना. दोन्ही वेळ भात खाणारी माणसं, बावीस तारखेच्या पुढे पिंप वाजायला लागायचं. मग सकाळी भात आणि संध्याकाळी त्याच भाताची पेज. तेल बुधवारच्या बाजारातून सुटं, बाटलीच्या तळाशी दोन बोटं. लाखोळीची डाळ इतकी पातळ की मनिराम म्हणायचा, "डाळीत जाळं टाकून पाहू का, एखादा दाना सापडते का?" त्या म्हणायच्या, "टाक. तुले नदीत तरी काय सापडून राहिलं?" पण ते खरं नव्हतं. दोन पगारांमधली भेग मनिरामच्या मासोळ्यांनीच बुजत होती.

आणि खरवडीने. लेकरांची पंगत उठली की खिचडीच्या गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाशी चिकटलेला थर सखाबाई सराट्याने खरवडायच्या आणि डब्यात भरून घरी न्यायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापक केशवराव सरांनीही कधी हरकत घेतली नाही, नाहीतरी ती कुत्र्यापुढेच गेली असती. वर खिचडी उरली तरी सखाबाई तिला हात लावत नसत, मोठ्या वर्गातल्या लेकरांना दुसऱ्यांदा वाढत. "वरचं लेकरायचं, बुडाचं माहं," म्हणायच्या. त्यांचा हात इतका बसलेला होता की बुडाशी मूठभरच निघायची. मी गमतीने म्हटलं होतं एकदा, "सखाबाई, चांगला स्वयंपाक करून तुमचंच नुकसान करून राहिल्या तुम्ही."

ते बोलणं आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दोन वर्षांमागच्या नवरात्रात मनिरामला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. भंडाऱ्याच्या फेऱ्यांमध्ये पोळ्याला आलेले पैसे गेले, जाळं गेलं, सायकल गेली. दिवाळीला पगार आला नाही. डिसेंबर निम्मा झाला तरी आला नाही. दुकानदाराने उधारीला पहिले हसून नाही म्हटलं, मग न हसता.

मी एकदा पायलीभर तांदूळ घेऊन गेले होते. दारातच थांबवलं त्यांनी मला.

"ठेवा तुमच्याजवळ, मॅडम."

"अहो, भाऊंसाठी घ्या."

"आज घेतलं त उद्या बी तुमच्या वाटेकडे पाहीन मी. असं पाहणं वाईट असते."

मी परत आले. खरं सांगायचं तर थोडी रागावूनच आले.

त्यानंतर आठवडाभराने खिचडीला वास यायला लागला. जळलेली नव्हे, पण लागलेली. पहिल्या दिवशी मी चव घेतली आणि म्हटलं, होतं कधीकधी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बोलले.

"सखाबाई, खाली लागून राहिली ना खिचडी."

"लाकडं ओली हायेत, मॅडम," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न पाहता ताटं पुसू लागल्या.

तिसरीतली टीना तोंडाची फटकळ. तिने वाढणाऱ्या सखाबाईंना पंगतीतूनच विचारलं, "आजी, लाकूड मागं काहून नाही वढत तू? माही आई त वढते."

"तुह्या आईलेच ये म्हनाव उद्या शिजवाले."

सगळी लेकरं हसली. सखाबाईही हसल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. चूल पेटली की सखाबाई चार दाणे तांदळाचे आधी आगीत टाकायच्या, हात जोडायच्या, मग गंज चढवायच्या. इतक्या वर्षांत हे चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत त्या दाणे टाकत नव्हत्या. थंडीने अंग आखडतं, विसरल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं. माणूस मनाशी काहीही म्हणतो.

एका सकाळी मी मीठ मागायला म्हणून स्वयंपाकाच्या खोपीत गेले. गंज चुलीवर होता. पाणी आटलेलं, भात बुडाशी तडतडत होता, तो आवाज बाहेरपर्यंत येत होता. तीन लाकडं आत तशीच सारलेली. सराटा बाजूला ठेवलेला. सखाबाई दोन्ही हात पदराखाली घेऊन पाटावर बसल्या होत्या आणि गंजाकडे बघत होत्या. डोळ्याला धार लागली होती, धुराची असेल. त्या ना लाकूड ओढत होत्या ना ढवळत होत्या. वाट पाहत होत्या.

मला लख्ख कळलं. बुडाशी जितकं लागेल तितकं त्यांचं.

मी पाय न वाजवता मागे फिरले. त्या दिवशीही वहीत "चव चांगली" लिहून मी सही केली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा वाटलं, आपण एका गरीब बाईची अब्रू राखली. देवानेच ही बुद्धी दिली असंही वाटलं.

लेकरांच्या ताटात मात्र खिचडी उरायला लागली. पहिलीतली गुंजन ताट तसंच ठेवून उठली आणि घरी जाऊन भुकेने रडली. गुंजनचे आजोबा गोमाजी, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. जुन्या गावात मनिराम आणि ते एका डोंग्यात बसून मासोळ्या धरायचे. दुसऱ्या दिवशी ते दुपारीच आले, माझ्यासमोर एक घास तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकले.

"मॅडम, तुम्ही चव घेऊन राहिल्या ना रोज? का नुसती सहीच करून राहिल्या?"

मी समोरची वही मिटली.

शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक बसली. त्याआधी मी सखाबाईंना वऱ्हांड्यात गाठलं. म्हटलं, "डोळ्यांनी कमी दिसतं म्हणा. वय झालं म्हणा. एवढ्यावर भागेल, समज देऊन सोडतील. पगार आज ना उद्या येईलच." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, पटलं.

गोमाजींनी सुरुवात केली तीही मऊपणाने. "वैनी, मनिराम असा पडला, मले दिसत नाही का? पन लेकरं उपाशी उठून राहिले. तुमचे डोये गेले असन त तसं सांगा. चष्म्याचं पाहू आपण."

समितीतला एकजण म्हणाला, "चष्मा घालून का होते? बुढीच झाली ते."

"तू का जवान हायेस?" सखाबाई म्हणाल्या, आणि दोघं-तिघं हसले. वाटलं, निभावलं.

मग त्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला.

"डोये चांगले हायेत माहे. सुईत दोरा ओवते मी अजून. खिचडी म्या लागू देल्ली. मुद्दाम लागू देल्ली. बुडाचं मले भेटते म्हणून. घरी याले भात मऊ करून चारा लागते, आन घरी दाना नवता. आज अठरा दिवस झाले. लेकरायचं वरचं म्या बुडाले नेलं."

केशवराव सर टेबलावरची काच बोटाने पुसत राहिले. गोमाजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांनाच कोणी पकडलं होतं. "वैनी, हे काहून सांगतलं तुम्ही?" ते हळूच म्हणाले. "डोयाचंच म्हटलं असतं."

"डोये खोटे नाही पाडत मी," सखाबाई म्हणाल्या.

तेव्हा मी उठायला हवं होतं. मी पाहिलं होतं, मी सह्या केल्या, असं म्हणायला हवं होतं. मला माझी नोकरी आठवली, बदली आठवली. मी खाली बघून ठरावाचा कागद आखत बसले, कारण लिहायचं कामही माझ्याकडेच होतं. सखाबाईंना कमी करून गावातल्याच शकुंतलाबाईंना ठेवावं, असा ठराव माझ्याच अक्षरात आहे. कारण "वयोमानामुळे" असं लिहिलं, ते गोमाजींनी सांगितलं म्हणून.

पगार फेब्रुवारीत आला. अडलेले सगळे महिने एकदम. सखाबाईंच्या खात्यात जमा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. हातात पिशवी. सरळ केशवराव सरांसमोर ठेवली.

"साडेचार किलो हाय, गुरुजी. अठरा दिवसायचा, रोजचा पाव धरला. मोजून घ्या."

सरांनी पिशवी मागे सारली. "अहो सखाबाई, मी हे कुठे घेऊ? साठ्यापेक्षा तांदूळ जास्त निघाला तर तो कुठून आला म्हणून विचारतील. न्या घरी. कोणी मागितलं तुम्हाला?"

"लेकरायचं हाय."

"मला घेता येत नाही, बाई. खरंच येत नाही."

त्या पिशवी उचलून वऱ्हांड्यात येऊन बसल्या. मी बाजूला जाऊन बसले. बैठकीनंतर आम्ही बोललोच नव्हतो.

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं. "मी पाहते काय करायचं ते."

"तुमचं का खाल्लं म्या?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "सखाबाई, मी त्या दिवशी खोपीत आले होते. मला कळलं होतं सगळं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही मी."

"माहीत हाय. पाहिलं म्या तुमाले."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"त्या दिवसापावतर भेव वाटे, मॅडम. रोज म्हणे, आज शेवटचं. तुम्ही पाहून गेल्या आन वहीत चांगलं लिहून देल्लं. मंग मले वाटलं, मॅडमनं पाहिलं, देवावानी माणूस हाय, तिनं चालू देल्लं, म्हणजे एवढं काही वाईट नसन. आन मंग मी रोजच लागू देल्ली." पिशवीच्या बंदाची गाठ त्या सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या. "तुम्ही टोकलं असतं त मी थांबली असती. शरम वाटली असती चार दिवस, पन काम राहिलं असतं माहं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला दोष देत नव्हत्या, जसं झालं तसं सांगत होत्या. मी बसल्या जागी रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला सोसवेना.

शाळा सुटली तशा त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेकरांची ताटं दप्तरातच असतात. प्रत्येकाला थांबवून त्या ताटात एकेक मूठ तांदूळ टाकू लागल्या.

"हा कच्चाच खायचा का?" टीनाने विचारलं.

"घरी ने न, पोट्टे. आईजवळ दे."

"कायले देऊन राहिली पन?"

"तुहं हाय म्हणून."

लेकरांना गंमत वाटली. कोणी ताट डोक्यावर धरलं, कोणी पळताना अर्धा सांडला. गुंजन सगळ्यात मागून आली. तिने फ्रॉकची ओटी पसरली. सखाबाईंनी पिशवी उलटी करून उरलेला सगळा तिच्या ओटीत ओतला.

"आजी, उद्या येशीन का?"

"नाई वो माय. आता शकुंतलाबाई करते ना."

"तिची लागत नाई."

"मंग चांगलंच हाय ना," सखाबाई म्हणाल्या. रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. मनिरामला भरवायची वेळ झाली होती, म्हणून त्या थांबल्या नाहीत.