मोजायला आलेले साहेब

आमच्या वस्तीवर मेंढरं कुणी तोंडानं मोजत नाही. मोजली की नजर लागते, कळप घटतो, असं माझी माय सांगते. आजवर तिच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही.

वस्तीवर एका खोलीची शाळा होती. माझी पोरगी दुसरीत. गुरुजींच्या आधी जाऊन खोली झाडायची, घरी आली की कोकरांना पाढे शिकवायची. मी बायकोला म्हणायचो, "हिला मास्तरीण करू." ती म्हणायची, "आधी भाकर खाऊ घाला, मग करा मास्तरीण!"

मग सरकारनं ठरवलं, कमी लेकरांच्या शाळा मोठ्या शाळेत मिळवायच्या. सुधारणा म्हणे! साहेब लेकरं मोजायला येणार, असा निरोप आला. त्या दिवशी आम्ही बापेमाणसं गोरेगावच्या बाजाराला गेलेलो. 'लेकरं मोजणार' एवढं ऐकूनच मायला वाटलं, आता लेकरांना नजर लागणार. ती घरोघरी फिरली आणि निम्मी लेकरं मेंढरांमागं ओढ्याकडं पिटाळली. माझी पोरगी रडत गेली. साहेबांनी उरलेली मोजली, तेवढाच आकडा लिहिला, चहा घेतला, गेले.

गुरुजी तालुक्याला खेटे घालून दमले. शाळेला कुलूप लागलंच. आता शाळा लांब गोरेगावात. लेकरांना न्यायला गाडी देऊ म्हणले, ती अजून येऊनच राहिली! सडकेवरच्या जीपला माणसं लटकलेली असतात, त्यात एवढंसं लेकरू कसं कोंबू? पोरगी आता मेंढरांमागं जाते. सकाळी तिच्या हातात काठी देताना माझं काळीज तुटतं.

मायचं जेवण सुटलं. "मला कुणी सांगितलं न्हाई रे, मोजल्यानं शाळा राहते म्हणून," एवढंच घोकत बसायची. तिचा राग येतो मला. पण करू काय, तिनं तर लेकरं वाचवायलाच लपवली होती.

परवा सांजच्याला मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात शिरत होती. पोरगी फाटकाशी उभी राहून बोट दाखवत मोठ्यानं मोजू लागली. एक, दोन, तीन. मी दचकून मायकडं पाहिलं. वाटलं, आता ही ओरडणार.

मायनं पदर डोळ्यांना लावला. "मोजू दे तिला," म्हणाली. "शाळेतलं तेवढं तरी ध्यानात राहील."

पोरगी शंभरापर्यंत गेली आणि थांबली. पुढचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. उरलेली मेंढरं तिनं पुन्हा एकपासून मोजली.