माशीच्या पंखापायी माझं आजारपण

आता स्वतःच्याच फजितीचं काय सांगायचं! पण चहा उकळतोयच, तर ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मैत्रिणी कॉम्प्युटरचे क्लास लावून अमेरिकेला उडत होत्या आणि मी कोथरूडला जोशीकाकूंच्या भाड्याच्या खोलीत बसून माशीचा पंख वाढवत होते. कागदावर हो! अंगातलं एक रसायन पेशींना 'वाढा', 'आता थांबा' असा निरोप कसं देतं, त्याचं गणित मांडायचं. हीच माझी पीएचडी. पण माझा पंख थांबायलाच तयार नाही! आणि सेमिनार दोन दिवसांवर.

काकूंच्या हॉलमधून सरांना फोन लावला. "सर, वाढ थांबतच नाहीये! पेशी दुपटीनं वाढतायत. दोनच दिवस उरलेत!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. मी लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं.

काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्याशी कधी सरळ बोलल्या नव्हत्या. त्या चक्क शिरा घेऊन आल्या!

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

आमच्या सरांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. "म्हणाले, आता उपाय नाही. निम्मं कापून टाक." सेमिनारचा माझा निबंध हो!

काकूंनी माझ्या बशीत आणखी शिरा वाढला. "वडिलांना कळवलंस?"

"त्यांना कशाला? शेतकरी माणूस, त्यांना काय कळणार यातलं?"

मग काकूंनीच गुपचूप फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी काळभोरहून अण्णा, आई आणि मामा दारात!

"पोरी," अण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "आसं लपवतंय व्हय कुणी?"

"अहो अण्णा, मला काही झालेलं नाही! वाढतोय तो माशीचा पंख!"

आई मामाला हळूच म्हणाली, "डोक्यापत्तूर गेलं की रं!"

शेवटी वही उघडून सगळं समजावलं. "काही आजार नाही, फक्त गणित सुटत नाहीये." अण्णांनी डोळे पुसले. काकूंनी चष्मा लावला.

"हे रसायन लांब जाता जाता विरत जातं म्हणालीस ना? मग इथं वजाचं चिन्ह कुठाय?"

नव्हतं! तीन महिने नव्हतं! वजा घातलं, पुन्हा आकडेमोड केली, तर पंख गुमान थांबला.

"म्हंजी रोग न्हाई, नुसती चूक हाय!" अण्णा हसत सुटले. मलाही इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कालच्या उरलेल्या शिऱ्याचा घास आत्ता कुठे गोड लागला.

काकूंनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"आठवीत या चुकीला मी नापास करायचे. आता पीएचडी देतात वाटतं."