बारा जणांची कॉन्ट्री

शुक्रवारी सकाळी माझ्या फोनवर लाल पट्टी आली: ‘तुमचे खाते तपासणीसाठी बंद करण्यात आले आहे.’ तेव्हा मी तुंगार्लीतल्या एका बंगल्यात धोब्याकडून आलेल्या चादरी मोजत होते. पट्टी पुन्हा पुन्हा वाचली आणि चादरी पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

मी लोणावळ्यातल्या काही बंगल्यांचं बुकिंग आणि हिशोब बघते. मालक मुंबईला असतात. पाहुण्यांचे पैसे माझ्या मोबाईल वॉलेटमध्ये येतात. वॉलेट म्हणजे पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडे ठेवलेला आपला बटवा. बँकेतल्या खात्यापासून वेगळा. आलेल्या पैशांतून माझं कमिशन ठेवायचं आणि बाकीचे त्याच दिवशी मालकांना पाठवायचे, हा माझा नियम. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे मुक्कामाला नको.

एरवी मी एवढी घाबरले नसते. पण आम्ही तळेगावला दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला होता. माझे यजमान रेल्वेत आहेत, राहायला खंडाळ्याचं क्वार्टर. ते रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागणार. गृहकर्ज माझ्या नावावर मागितलं होतं आणि मंजुरीचं पत्र सोमवारी मिळायचं होतं. बँकेतले देशमाने साहेब बजावून म्हणाले होते की पत्र देण्याआधी क्रेडिट स्कोअर पुन्हा एकदा बघतात, तोवर काही गडबड नको. क्रेडिट स्कोअर म्हणजे आपली पत, आकड्यात मांडलेली. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलं तर वर जाते, चुकलं तर खाली येते.

बंगल्याचे केअरटेकर दगडूभाऊ माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यांना पट्टी वाचून दाखवली. ते म्हणाले, “आमी तर रोखच घेतो बगा, ताई. नोट कुटं ब्लॉक हुती व्हय?”

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. सुदैवानं मराठी होती. तिनं विचारलं की काल संध्याकाळी बारा अनोळखी माणसांनी तुम्हाला पैसे का पाठवले, आणि ते लगेच तुम्ही एकाच माणसाला का पाठवून दिले? फसवणूक करणारे असंच करतात म्हणे. कुणाच्या तरी खात्यात पैसे गोळा करायचे आणि लगेच पुढं सरकवायचे.

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मित्रांचा ग्रुप आला की खर्च सारखा वाटून घेतो, त्याला ती मुलं कॉन्ट्री म्हणतात. पूर्वी एक जण सगळ्यांचे पैसे गोळा करून पाठवायचा. मग कोण किती देणं लागतो यावरून त्यांची भांडणं माझ्याकडे यायची. म्हणून मीच सांगितलं होतं, प्रत्येकानं आपापले पाठवा, प्रत्येकाला पावती देते. हिशोब स्वच्छ राहावा म्हणून केलेली ही व्यवस्था यंत्राला चोराची वाटली.

“ते ठीक आहे, मॅडम,” मुलगी म्हणाली, “पण एकानं पैसे पाठवताना नोट लिहिलीय. वाचू का?”

“वाचा.”

“‘खंडणी. आता तरी आमच्या पक्याला सोडा.’”

ही मुलांची थट्टा असणार, असं मी सांगितलं. बुकिंगची प्रत आणि पाहुण्यांची ओळखपत्रं पाठवायला तिनं सांगितलं. शिवाय ज्यानं ही नोट लिहिली, त्यानं स्वतः फोन करून खुलासा द्यायचा.

यजमानांना कळवलं. ते म्हणाले, गप्प बस, सोमवार जाऊ दे. पण बँकेपासून लपवायचं काही असेल, तर मग पत कसली? यजमान मला रोज बघतात, बँक फक्त कागदावर ओळखते. मी थेट बँकेत गेले आणि देशमाने साहेबांना सगळं सांगितलं, खंडणीसकट.

ते आधी हसले. मग कॉम्प्युटरवर माझा रिपोर्ट उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“इथं फक्त घेतलेलं कर्ज आणि त्याची फेड दिसते. वॉलेट बंद झालं, याची इथं नोंदच होत नाही.”

मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पण त्यांचं बोट स्क्रीनवर थांबलं होतं.

“हा स्कूटरच्या कर्जाचा हप्ता आजच आहे ना? कुठून भरता?”

हप्ता वॉलेटमधून जायचा. कमिशन तिथंच जमतं, म्हणून मीच तशी सोय केली होती. सकाळपासून मी नसलेल्या संकटाची काळजी करत होते, आणि खरं संकट संध्याकाळपर्यंत दार वाजवणार होतं. चुकलेला हप्ता मात्र रिपोर्टवर दिसला असता. देशमाने साहेबांनी तिथंच बसवून माझ्या बचत खात्यातून हप्ता भरायला लावला. पावती मी उघडी हातात धरूनच बाहेर आले.

दुपारी ग्रुप आला. बॅगा उतरायच्या आधीच मी विचारलं, पक्या कोण आणि त्याला सोडवणारा कोण? सगळे एका चष्मेवाल्या मुलाकडे बघायला लागले. तो काय काम करतो, हेही मी विचारलं.

“कंप्लायन्सला आहे, काकू,” तो खाली बघत म्हणाला. कंप्लायन्स म्हणजे कंपनीत सगळे नियम पाळतात की नाही, ते बघणारं खातं.

दगडूभाऊ बॅग उचलता उचलता म्हणाले, “मंग लय भारी नियम पाळलासा.”

त्या मुलानं व्हरांड्यात उभं राहून हेल्पलाइनला खुलासा दिला. पक्या जिवंत असून शेजारीच वडापाव खात आहे, हेही त्याला सांगावं लागलं. रविवारी वॉलेट सुरू झालं. सोमवारी मंजुरीचं पत्र मिळालं. यजमानांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस.

आता स्कूटरचा हप्ता बँकेतून जातो. एका ग्रुपचे पैसे एकाच माणसाकडून घेते; त्यांची भांडणं त्यांनी गाडीत मिटवावीत. बुकिंगच्या नियमांत एक ओळ वाढवली आहे: ‘विनोद बंगल्यावर आल्यावर करावेत.’

गेल्या महिन्यात तोच चष्मेवाला आई-वडिलांना घेऊन राहायला आला. पैसे त्यानं एकट्यानं, एकदाच पाठवले. नोट होती, ‘बंगल्याचे भाडे’. तरी मी दोनदा वाचली.