पंखा चालू होता

दूध संघाच्या वर्कशॉपात मी वायरमन होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं मी एक पंखा उलटा जोडला आणि त्यापायी एका माणसाची नोकरी गेली, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या महिन्यात बायकोला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत का?"

त्यांना म्हणजे ड्रायव्हरला. चेअरमनांची गाडी ते चालवायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरेतुरे करायचो. वर्कशॉपात सगळेच करायचे. ते मात्र मला "वायरमन, तुमी" असं बोलवायचे. तुळजापूरच्या घाटाखाली सडकेला लागून बौद्ध वस्ती होती, तिथले ते. त्यांच्या घरात पगाराची नोकरी करणारे ते पहिलेच.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. जनावरं छावणीला गेली होती, संघात येणारं दूध निम्म्यावर आलं होतं आणि गावोगाव टँकरची वाट बघणं चालू होतं. अशात चेअरमनांच्या जुन्या अँबॅसडरचं इंजिन गेलं. नवी गाडी घेतली तर सभासद ओरडतील, म्हणून मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवायचं ठरलं. वर्कशॉपातल्या मिस्त्रीनं बसवलंही, पण ते इंजिन लांबीला जास्त. ते पुढं सरकलं आणि रेडिएटरमागं इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला जागाच उरली नाही. मग सोलापूरच्या भंगारातून एक विजेवर चालणारा पंखा आणला. अपघातात गेलेल्या एका नव्या छोट्या मोटारीचा होता तो. मिस्त्रीनं तो रेडिएटरच्या पुढं, जाळीआड बसवला आणि मला म्हणाला, "आता ह्येच्यात जीव घाल."

दोन वायरी, एक स्विच, एक फ्यूज. अर्ध्या तासाचं काम. काळी वायर बॉडीला, लाल वायर स्विचमधून बॅटरीला. दुधाच्या सगळ्या ट्रकना मी तसंच जोडत आलो होतो. पण त्या जुन्या अँबॅसडरची तऱ्हा वेगळी होती. तिच्यात बॅटरीची अधिक बाजू बॉडीला लावलेली असायची, ट्रकच्या बरोबर उलट. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या बॅटरीत मी कितीदा तरी पाणी घातलं होतं. हात सवयीनं चालले, एवढंच. असल्या पंख्याला वायरी उलट्या लागल्या तर तो बंद राहत नाही. फिरतो, पण उलटा. बाहेरची हवा इंजिनाकडं ढकलायची ते सोडून आतली गरम हवा बाहेर फेकतो.

स्विच दाबला. पंखा घुमला. मिस्त्रीनं मान डोलवली. ड्रायव्हर गाडीच्या तोंडाशी उभे होते. खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक त्यांनी जाळीसमोर धरलं. ते टोक फडफडत त्यांच्याच अंगाकडं आलं.

"वायरमन, टावेल माझ्याकडं येतोय. आत वढला पाहिजे न्हवं?"

"बाहेर वारा सुटलाय."

"वारा न्हाय ओ. बघा की जरा."

हाताखालचे दोघंतिघं बघत होते. मी म्हणालो, "आता तू मला वायरिंग शिकवणार व्हय रे? उद्या चेअरमनला सांगतो, ह्याला वायरमन करा, मी धरतो स्टेअरिंग."

सगळे हसले. मिस्त्री म्हणाला, "पंख्यालाबी रुसवं-फुगवं असतंय, घे रे सांभाळून." पुन्हा हसले. ड्रायव्हरही थोडं हसले आणि टॉवेल खांद्यावर टाकला. तेवढ्यात मी वाकून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. इंजिन तापल्याचं दाखवणारा काटाही जोडायचा राहिला होता. तो आठवड्याभरात बघू म्हणालो.

गावातल्या गावात गाडी नीट चालली. पाच-सहा दिवसांनी चेअरमनांना मुंबईची गाडी धरायची होती, म्हणून ड्रायव्हर त्यांना सोलापूर स्टेशनवर सोडायला गेले. जाताना उतार होता. येताना ते एकटे, भर दुपार आणि चढता घाट. सोबत दुधाचा एक कॅन भरून पाणी नेलं होतं. दुष्काळात पाणी मागायचं कुणाला, म्हणून कॅन त्यांनी आपण होऊन भरून घेतला होता. घाटात इंजिन दोनदा उकळलं. दोन्ही वेळा थांबून, गार होऊ देऊन, त्यांनी पाणी ओतलं. तिसऱ्यांदा कॅन रिकामा होता. आता माथा जवळच आहे, म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली आणि इंजिन तापून जागेवर जाम झालं.

ट्रकला बांधून गाडी वर्कशॉपात आणली. मागच्या सीटवर कोरडा कॅन. कुणीतरी म्हणालं, "घाटाखाली ह्येची वस्ती हाय. तिथं रिकामा केला असंल." कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मी म्हणालो नाही, एवढं नक्की. पण तासाभरात सगळ्या आवाराला ते खरं वाटायला लागलं होतं. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही, अशा दिवसांत कुणी आपल्या माणसांना पाणी दिलं असेल, हे पटायला कुणालाच जड गेलं नाही. त्यात माणूस त्या वस्तीतला.

चेअरमन परतायचे होते त्या सकाळी मी लवकर वर्कशॉपात गेलो. म्हटलं, पंखा जळला असेल तर आपल्यावर यायला नको. स्विच दाबला. जाळीला लिंबाचं एक वाळकं पान चिकटलं होतं. पंखा घुमला आणि ते पान उडून माझ्या छातीवर आलं. मी स्विच बंद केला, पाना घेतला आणि दोन्ही वायरींची अदलाबदल केली. पाच मिनिटं लागली.

मी तेव्हा हंगामी होतो. मला कायम करण्याचा विषय पुढच्या बैठकीत यायचा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. पाना हातात होता तेव्हा डोक्यात हेच होतं, म्हणून सांगतो.

अकराच्या सुमाराला चेअरमन आले. ड्रायव्हर, मिस्त्री, मी, सगळे गाडीभोवती उभे. चेअरमनांनी ड्रायव्हरला विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"रेडिएटरात वतलं साहेब. सगळं."

"कॅनभर पाणी पिऊन इंजिन जळतंय व्हय?" मग माझ्याकडं वळून, "पंखा बंद पडला होता का रे?"

मी स्विच दाबला. म्हणालो, "बघा की साहेब. चालू हाय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पंखा त्या दिवशी घाटातही चालूच होता.

तेवढ्यात ड्रायव्हरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याचं टोक जाळीसमोर धरलं. ते टोक आत ओढलं गेलं आणि जाळीला गच्च चिकटून बसलं. त्यांनी ते सोडवलं. माझ्याकडं बघितलं. आता ते बोलतील असं मला वाटलं. त्यांनी टॉवेलाची घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकली आणि बाजूला सरकून उभे राहिले.

आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. बायकोनं पेढे वाटले.

नंतर ते येरमाळ्याकडं कुणाची तरी माणसं भरून नेणारी वडाप जीप चालवतात असं कानावर आलं. एकदा स्टँडवर मला ते लांबून दिसले, तर मी पलीकडच्या बाजूनं गेलो. अशी वीसेक वर्षं गेली.

बायकोनं विचारल्यावर गेल्या रविवारी गेलो. वस्तीतली घरं आता सिमेंटची झाली आहेत. ते ओट्यावर बसले होते, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी ओळखलं. "या वायरमन, बसा," म्हणाले.

मी बसलो. म्हणालो, "दादा, त्या पंख्याच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या." दादा हा शब्द त्यांच्यासाठी माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

"व्हय," ते म्हणाले. "टावेलानं सांगितलं होतं की मला."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुमालाच बोललो होतो. पुन्हा कुणाला बोलायचं?"

तेच पुढं म्हणाले, "मला सांगून काय व्हणार? मला म्हाईतच होतं. हिला सांगा. इतकी वर्सं झाली, ही म्हणती, लोकास्नी पाणी पाजून लेकरांचा घास घालवला. म्या थेंब दिला न्हाय म्हणून किती येळा सांगितलं. हिला वाटतंय, म्या लाजंनं खोटं बोलतोय."

त्यांनी हाक मारली. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, हातात ज्वारी निवडायचं सूप. दाराशी टेकून बसल्या. मी पहिल्यापासून सांगितलं. काळी वायर, लाल वायर, पान, पाना, सगळं. खडे वेचणारी त्यांची बोटं मध्येच थांबली.

"म्हंजी पाणी गाडीतच घातलं व्हतं?"

"हो. सगळं."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. ते सडकेकडं बघत होते. मग त्या मला म्हणाल्या, "त्या वायरी सुलट्या करायला किती येळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"केल्या का मग?"

"केल्या," मी म्हणालो. "चेअरमन यायच्या आधी, त्याच सकाळी."

सडकेवरून तुळजापूरची एक बस घाट चढत गेली. मग ते म्हणाले, "अगं, चहा टाक की. लांबनं आल्यात."

त्या उठल्या नाहीत. सूप मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. दादांनीही चहाचं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. थोड्या वेळानं मी उठलो.