ताटलीत मेलेल्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पेशीवाल्या बाई’ म्हणत. बावीस वर्षं तिने काचेच्या ताटल्यांत कर्करोगाच्या पेशी तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. वेळच्या वेळी खाऊपिऊ घालायचं, उबेत ठेवायचं, आणि मग साहेबांच्या नव्या औषधाने मारायचं. घरची भाजी करपेल, पण पेशींची वेळ टळायची नाही, असं नवरा म्हणायचा.

त्या वर्षी लोहाचे नॅनोकण आले. इतके बारीक, की पेशी ते आपणहून गिळते. आत गेले की ते ऑक्सिजनला असं काही चवताळवून सोडतात, की पेशी आतल्या आत जळून जाते. तीन दिवसांनी तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर शंभरातल्या नव्वद मेलेल्या.

त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, स्तनात गाठ निघाली. ताईला धीर यावा म्हणून धाकटीने हे सगळं रंगवून सांगितलं. शेजारच्या ताटलीतल्या निरोगी पेशीही एकतृतीयांश मेल्या होत्या, तेवढं मात्र गिळलं. उगाच कशाला घाबरवा?

ताई साध्या टाक्यालाही भ्यायची. तिने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. घरी सांगितलं, डॉक्टरच थांबा म्हणाले. फोनवर मात्र ती प्रयोगाचीच चौकशी करायची, उंदरांना दिलं का म्हणून विचारायची. धाकटीला बरं वाटायचं. आपल्या कामाबद्दल घरातलं कुणीतरी विचारतंय.

पाच महिन्यांनी ताईच्या नवऱ्याने, भावजींनी, बोलावून घेतलं, तोवर रोग यकृतात पोचला होता. खोलीत दोघीच उरल्यावर धाकटीने विचारलं, ऑपरेशन का नाही केलंस?

“तुझं औषध येणार होतं ना?” ताई म्हणाली. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

धाकटीने तेव्हा कुठे खरं सांगितलं, की त्याला अजून दहा वर्षं लागतील, कदाचित ते येणारही नाही.

“मग तसं म्हणायचंस गं. रडले असते, आणि गेले असते ऑपरेशनला.”

दोन महिन्यांत ताई गेली. भावजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते धाकटीचंच सांत्वन करायचे, आणि ते तिला सोसवेना. वर्षभराने तिने त्यांना सगळं सांगून टाकलं.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “आता काही दिवस येऊ नकोस.”

त्याला आता चार वर्षं झाली.